शनीजवळचा कंदील

मूर्खपणाचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. नोकरी धरली की ते आपोआप साठतात आणि प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला जेवण आटोपलं की एकामागून एक बाहेर पडतात. माझे बहुतेक नव्वदच्या दशकातले, अमेरिकेतल्या एडिसन गावाजवळच्या एका छोट्या प्रकाशनातले. मी तिथे प्रूफं तपासायचे. आमचा एडिटर ग्रेग. चिनी सायन्स फिक्शन अमेरिकेत आणायचंच, असं त्याने ठरवलं होतं. त्याला चिनी येत नव्हतं, आणि सायन्स फिक्शन आवडत नव्हतं. ट्रान्सलेशन करायची लिन. माझ्याहून वयाने मोठी, म्हणून मी तिला लिनताई म्हणायचे. अर्थ सांगितल्यावर तिलाही ते आवडलं.

*

पहिलीच गोष्ट शनीजवळच्या यानातली. ग्रेगने वाचली आणि लिनताईला विचारलं, "छान आहे, पण यात चीन कुठे आहे?"

"मागे राहिला," लिनताई म्हणाली.

ग्रेगने यानात एक कागदी कंदील टांगला. तिथे वजनच नाही तर तो टांगलेला कसा राहील, असं तिने विचारलं. मग त्याने कंदील तरंगता केला.

*

एकदा तो चिनी पानं घेऊन माझ्याकडे आला. लिनने काही गाळलं नाही ना, ते बघायला सांगू लागला. मी म्हटलं, माझी भाषा मराठी.

"पण तुमचे देश शेजारी ना?"

मी म्हटलं, मेक्सिको तुमच्या शेजारी आहे, तुला स्पॅनिश येतं का? त्यावर त्याने मनापासून सांगितलं, की शाळेत त्याने फ्रेंच घेतलं होतं.

*

एका गोष्टीतले आजोबा फारच साधं बोलतात, असं ग्रेगला वाटलं. ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेत, असं लिनताईने सांगून पाहिलं. त्याने त्यांच्या तोंडी स्वतः रचलेली म्हण घातलीच: वाकलेल्या बांबूला चंद्र आधी दिसतो. पेपरातल्या परीक्षणात नेमकं तेच वाक्य उचललं गेलं, चीनचं प्राचीन शहाणपण म्हणून.

कुणीतरी ते परीक्षण वाचून दाखवल्यावर मूळ लेखकाचा, वेई सरांचा, लिनताईला फोन आला. ते म्हणाले, "म्हण बरी आहे. अमेरिकन आहे का?"

*

वेई सर इथे आले, तेव्हा पुस्तकाच्या दुकानात कार्यक्रम ठेवला होता. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गोष्टीचा शेवट ग्रेगने कापला होता. मूळ गोष्टीत हरवलेलं यान परत येतं आणि सगळे आईच्या स्वयंपाकघरात बसून जेवतात. चीनमधली गोष्ट इतकी सुखात संपली, तर इथे कुणी विश्वास ठेवणार नाही, असं ग्रेगचं म्हणणं. त्यामुळे छापील पुस्तकात यान अंधारात नाहीसं होतं. सरांना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि हे त्यांना तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी लिनताईने सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "ती आई माझी होती."

कार्यक्रमात सरांनी चिनीत वाचलं. मग लिनताई उभी राहिली. पुस्तक तिने मिटून खुर्चीवर ठेवलं, पर्समधून स्वतःच्या मूळ ट्रान्सलेशनचे टाइप केलेले कागद काढले आणि शेवट इंग्रजीत वाचला, जेवणापर्यंत, सगळा. सर खाली बघत होते.

मग पुढच्या रांगेतल्या एक आजी आपल्या कॉपीची पानं उलटायला लागल्या. शेवटी त्यांनी हात वर केला.

"माझ्या कॉपीत हे नाहीये."

"एडिटरना विचारा," लिनताई म्हणाली. "तुमच्या मागेच बसलेत."