डावीकडची सीट

सरावलीत आमच्या शेजारी राहणारे काका ओरडूनच बोलतात. कारखान्यात प्रेसवर काम करून करून त्यांचे कान गेले. गाडीत काही वाजू लागलं तर ते काकूंना ऐकू यायचं. मासळीच्या पाट्या मागे चढवून काकू डावीकडच्या सीटवर बसायच्या, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली की काका पिकअप बाजूला घ्यायचे.

दिवाळीनंतर काकू गेल्या.

परवा काकांनी अंगणातच गाडी जॅकवर चढवली आणि खाली शिरून शाफ्टचं बेअरिंग बदललं. काढलेलं बेअरिंग मी सहज हातात घेऊन फिरवलं. कुठे अडकत नव्हतं, खरखरत नव्हतं.

मी गाडीखाली वाकून ओरडलो, “काका, हे तर चांगलं आहे!”

“आसंल,” ते खालूनच म्हणाले. “पन बिघडला तं आता मना सांगनार कोन?”

बाहेर येऊन त्यांनी हात पुसले. सीटवरची काकूंची उशी झटकली आणि परत तिथेच ठेवली.

“बस बाबा. जरा आयक.”

पालघरच्या रस्त्याला लागलो. गाडी नीट चालली होती. काका मात्र रस्त्याकडे कमी आणि माझ्या कपाळाकडे जास्त बघत होते. चेहरा हसरा ठेवायचा मी खूप प्रयत्न केला. शेवटी जमेना, तेव्हा तोंड खिडकीकडे फिरवलं.

काकांनी लगेच ब्रेक मारला.

“आला ना आवाज?”