दार येणार होतं तिथे

पालिकेचा हा माणूस घरकुलांचे फोटो काढतो. फोटो गेल्याशिवाय केंद्राच्या अनुदानाचा हप्ता येत नाही. प्रत्येकाला म्हणतो, "हसा की जरा, फोटू मिरजेतनं दिल्लीची गाडी धरणार हाय!" त्याच्या कचेरीविरुद्ध मी पत्रकं वाटतो, तरी भेटला की तोच मला चहा पाजतो.

परवा शेजारच्या मावशींच्या घराचं नुसतं जोतं झालं होतं. झोपडी पालिकेनं दोनदा पाडलेली, म्हणून फोटोसाठी जोत्यावर न चढता त्या बाहेरच उभ्या. "न्हाई सायेब, उद्या हितनं बी उठवशीला."

तो वाद घालत बसला नाही. भिंती नव्हत्याच, दार येणार होतं तिथे त्यानं चपला काढल्या. "येऊ का आत, मावशी?"

मावशींनी पदर सावरला, जोत्यावर चढल्या आणि म्हणाल्या, "या की. च्या ठेवते."