संमोहनवाल्या आक्का

आमच्या टिळकवाडीतल्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर एक आक्का संमोहनाने उपचार करतात. त्या नजरेनेच माणसाला ताब्यात घेतात, असं सगळे म्हणायचे. म्हणून जिन्यात कुणी भेटलं की आक्काच मान खाली घालायच्या आणि समोरच्याच्या चपलांकडे बघत विचारायच्या, "बरं हाय न्हवं?" मीही त्यांना फार भ्यायचो.

पण काकतीजवळ आमच्या गाडीला ट्रकने धडक दिल्यापासून मला कुठल्याच गाडीत बसवेना. शेवटी बायकोच्या आग्रहाने त्यांच्याकडे गेलो.

"तुम्ही मला झोपवणार? मनातलं सगळं काढून घेणार?"

"न्हाय हो अण्णा. तुम्ही जागंच असताय, सगळं ऐकू येतंय. सांगू नये वाटलं तर सांगू नका."

मी डोळे मिटले. त्यांच्या संथ आवाजाने अंग सैल पडत गेलं आणि अचानक तो ट्रक अंगावर आला. मी ओरडून उठलो, दाराकडे धावलो. दार सताड उघडं होतं. आक्का जागच्या हलल्या नाहीत.

"जावा अण्णा. कुणी धरलेलं न्हाय."

उंबऱ्यावर मी थांबलो. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. तरी मी परत येऊन खुर्चीत बसलो.

"दार तेवढं उघडंच ठेवा," मी म्हणालो.