काकांचं उलटं बोलणं

“नापास होनार ही पोरगी. लिहून ठेव!” दहावीच्या निकालाच्या सकाळी काका स्वयंपाकघरात काकूला सांगत होते. दाराआडून ते ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

अंधश्रद्धेचा माझ्या काकांएवढा कट्टर वैरी अख्ख्या भिंगारमध्ये सापडणार नाही. लष्कराच्या गोदामातून कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस विहारात बुवाबाजीवर तासभर बोलतो. शेजाऱ्याच्या टेम्पोला बांधलेलं लिंबू सोडवून त्यांनी त्याच्यासमोर सरबत केलं आणि अर्धा पेला त्यालाही पाजला. पण ‘चांगलं होणार’ असं तोंडानं म्हटलं की ते हमखास बिघडतं, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नाही. म्हणून ते आधीच उलटं बोलून ठेवतात. घरच्यांना याची सवय आहे, बाहेरच्यांना नसते. मुलीच्या लग्नात वरपक्षाची पंगत बसलेली असताना त्यांनी डोळे पुसत जाहीर केलं, “न्हाई टिकत हे लग्न!” व्याह्यांची जिलेबी हातातच राहिली. त्यांची समजूत घालता घालता काकूची संध्याकाळ झाली. त्या ताईला आता दोन मुली आहेत.

मी मानसशास्त्रात एम.ए. केलं ते बहुधा काकांमुळेच. आपल्या मनात आलं म्हणून जग हलतं, असं लहान मुलांना वाटतं आणि मोठ्यांच्यातही ते कुठेतरी उरतं, हे मी त्यांना एकदा समजावलं.

“रोग हाय का?”

“नाही काका, सगळ्यांनाच थोडं असतं.”

“मग तुलाबी?”

मी मान हलवून नाही म्हटलं. इंग्रजी शाळेत मुलं माझ्या घरच्या बोलीला हसायची, म्हणून मराठीचा धडा मोठ्यानं वाचायची पाळी येऊ नये यासाठी मी फाटकापासून वर्गापर्यंत श्वास रोखून चालायचे. एम.ए.च्या तोंडी परीक्षेलाही तशीच गेले आणि पहिल्या प्रश्नाला तोंडातून नुसता वारा निघाला. हे त्यांना कशाला सांगायचं?

गेल्या महिन्यात काकूच्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. काका सकाळपासून गप्प होते.

“अहो, बोला की,” काकू हळूच म्हणाली. “एरवी तर लई बोलता.”

काका म्हणाले, “जीभ उचलत न्हाई गं.”

मग दोघंही माझ्याकडे बघू लागले. समोर वीसेक अनोळखी माणसं होती. ‘इथं थांबवा’ म्हणायची लाज वाटते म्हणून रिक्षातून दोन चौक पुढे उतरणारी मुलगी मी. तेवढ्यात नर्सनं काकूचं नाव पुकारलं. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “खराब येणार! काकूचा रिपोर्ट खराबच येणार, लिहून ठेवा!”