मामांची घंटा

आमच्या कॉलेजात कोण चांगलं शिकवतं हे नेमकं कळणारा एकच माणूस होता, आणि तो कधीही वर्गात बसला नव्हता. ते आमच्या विभागाचे शिपाई. सगळे त्यांना मामा म्हणत. मूळचे पिशोरकडचे, मेंढपाळ घरातले. तरुणपणी वडिलांची मेंढरं सोडून शहरात नोकरीला आले आणि व्हरांड्यातल्या स्टुलावर बसून निवृत्त झाले. रजिस्टर मागावं तर ते खडू आणत, खडू मागावा तर पाणी आणत, आणि पाणी मागितलं तर आत्ताच प्यालात याची आठवण करून देत. तासाची घंटा मात्र त्यांच्या हाती होती, आणि तिच्याबाबतीत ते घड्याळाचंही फारसं ऐकत नसत. इतिहासाच्या बाईंचा तास रंगला की घंटा चार-पाच मिनिटं उशिरा होई. प्राचार्यांनी एकदा जाब विचारला तर म्हणाले, पोरं ऐकत होती, मधीच कसं तोडू?

मीही तिथंच शिकवत असे. माझ्या तासाची घंटा नेहमी ठोक्याला होई. एकदोनदा तर आधीच.

त्या वेळी मी उच्च शिक्षणातल्या अध्यापनाच्या परिणामकारकतेवर पीएच.डी. करत होतो, आणि परिणामकारक अध्यापनाचा हाताशी असलेला नमुना म्हणून मनातल्या मनात स्वतःलाच धरलं होतं. औरंगपुऱ्यातून प्रश्नावल्यांचे गठ्ठे झेरॉक्स करून आणले आणि माझ्याच वर्गापासून सुरुवात केली. मुलांनी मला भरभरून मार्क दिले. प्रश्नावल्या मीच वाटल्या, भरून होईपर्यंत मीच समोर उभा राहिलो आणि मीच गोळा केल्या, यात काही गैर आहे असं माझ्यातल्या संशोधकाला वाटलं नाही. त्याच आनंदात मी मामांना सांगितलं, की माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते.

मामांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. "मेंढरं दोनदा गप असतेत, सर," ते म्हणाले. "पोट भरल्यावर, नायतर भेल्यावर."

"मग माझी पोरं?"

"पोट भरल्यावाणी दिसत नायत."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी शिकवता शिकवता थांबलो आणि यातलं काय कळलं नाही, असं वर्गाला विचारलं. कोणी बोलेना. एरवी मी स्वतःच उत्तर देऊन पुढं जात असे. त्या दिवशी हात मागं बांधून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं बिडकीनहून येणारी, वर्षभरात एकदाही न बोललेली मुलगी उठली. "सर, पहिल्या तासापासूनच कळलं नाय." कोणी हसलं नाही. मग मागून आणखी दोन हात वर झाले. मी फळा पुसला आणि पहिल्या तासापासून पुन्हा सुरुवात केली. घंटा त्या दिवशी नऊ मिनिटं उशिरा झाली.

जुन्या प्रश्नावल्या मी रद्दीत घातल्या. नव्या दुसऱ्या प्राध्यापकांना वाटायला लावल्या. माझे मार्क असे घसरले, की मार्गदर्शकांनी तो भाग जरा सावरून लिहायला सांगितलं. मी सावरला नाही.

पीएच.डी. झाली तोवर मामा निवृत्त होऊन गावी गेले होते. प्रबंधाची जाडजूड प्रत घेऊन मी पिशोरला गेलो. त्यांनी ती दोन्ही हातांवर तोलून पाहिली, चार पानं उलटली आणि विचारलं, "माझं नाव हाय का यात?"

ऋणनिर्देशात मार्गदर्शक होते, प्राचार्य होते, ग्रंथपाल होते, बायको होती. मामा नव्हते. प्रबंध इंग्रजीत होता. खोटं खपलं असतं. मी नाही म्हणालो.

"बरं झालं," मामा म्हणाले, "काही चुकलं असलं तर आपल्यावर नको." आणि त्यांनी आत चहा सांगितला.

मी पेन काढलं आणि त्या पानावर, सगळ्या नावांच्या वर, मोकळ्या जागेत पेन टेकवलं. तिथंच अडलो. इतकी वर्षं नुसतं मामा म्हणत आलो होतो. नाव त्यांनाच विचारावं लागलं. त्यांनी ते सावकाश, माझा हात पोचेल अशा बेतानं सांगितलं, आणि मी लिहून घेतलं.