विजूचं पाणी

विजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यासाठीच मुगाच्या खिचडीला फोडणी देत होते. आदल्या दिवशी हॉस्पिटलात तीच म्हणाली होती, "शैला, ताप उतरला गं. उद्या काहीतरी चवीचं आण." ताप उतरला म्हणून आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. डेंग्यूत पुष्कळदा खरा घात ताप उतरताना होतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक...

मानपाड्याला आमच्या इमारती समोरासमोर. विजू शाळेत शास्त्र शिकवायची आणि निवृत्तीनंतर सगळ्या सोसायटीला शिकवायला लागली. दर रविवारी कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, पिंपं, सगळं रिकामं करायला लावायची. नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात, आतून घासा, म्हणायची. ती दिसली की लोक हळूच दार लावून घेत. मी तिला डासांची सासू म्हणायचे. आणि हीच बाई टिटवाळ्याला बहिणीच्या नव्या फ्लॅटवर राहायला गेली, भोवती अर्धवट इमारती आणि तुडुंब भरलेल्या उघड्या टाक्या. त्या ती कुठे कुठे ओतणार होती! ताप बहुधा तिथूनच आला.

ती गेल्यावर रीतीप्रमाणे तिच्या खोलीत दिवा लावला, शेजारी फुलपात्रात पाणी ठेवलं. तेरावं झालं, पाहुणे पांगले, तरी तिच्या नवऱ्याने, अनंतरावांनी, दोन्ही तसंच ठेवलं. सून केतकी गरोदर. पोटुशीने त्या खोलीत पाऊल टाकू नये असं मोठ्यांनी बजावलेलं, त्यामुळे आत जाणारे ते एकटेच. एका दुपारी मी गेले तर मला दारातच धरून ते कुजबुजले, "शैलाताई, विजू येते."

मी चपला तिथेच सोडल्या.

"पाणी रोज थोडं कमी होतं. मी वरून तेवढंच भरतो. ओतत नाही... तिचं उष्टं आहे ना. आणि हल्ली ती आली की पाणी हलतं. बघा तुम्ही."

आत गेले. पडदे ओढलेले, पंखा बंद, हवा अगदी पडलेली. दिव्याचा उजेड पाण्यावरून भिंतीवर पडला होता आणि तो खरोखर थरथरत होता. खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडून "विजू?" असं निघून गेलं. पाणी आणखीच हललं.

मग मी पडदा सरकवला. उन्हात फुलपात्राचा तळ दिसला, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. भिंतीवर पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचे डास बसले होते, केतकीच्या खोलीच्या दाराशी तर चांगलेच. खालच्या मजल्यावर दोघं डेंग्यूने अंथरुणाला खिळलेली. त्यांना चावलेला एखादा डास केतकीला चावला तर?

"भाऊजी, ओता ते."

"ओतलं तर ती कशाला येईल?"

मला राग आला आणि रडूही. "केतकी भिंतीपलीकडे झोपते हो! पोटातलं पोर विजूचंच नातवंड ना?"

तेव्हा ते फुलपात्र दोन्ही हातांनी उचलून गच्चीवर घेऊन गेले आणि तापलेल्या लादीवर पाणी ओतलं. सुकेपर्यंत तिथून हलले नाहीत. खाली आल्यावर काथ्याने आतून घासघास घासलं. मी केतकीला आमच्याकडे आणलं, खोलीत फवारणी केली, खिडक्यांना जाळ्या बसवल्या, तेव्हा कुठे ती परत गेली. अजून तरी ठणठणीत आहे.

आता भाऊजी रोज सकाळी ताजं पाणी भरतात आणि संध्याकाळी कुंडीत रिकामं करतात. ओतण्याआधी दारातून विचारतात, "झालं का गं पिऊन?" मी दुपारी जाते, अळ्या नाहीत ना बघते असं केतकीला सांगते. पण वाकून मी बघते ते पाणी किती कमी झालंय.