दुखणं — दहापैकी किती

आधीच सांगून टाकतो — मी जळगावच्या एका हायस्कूलमध्ये तीस वर्षं विज्ञान शिकवलं. नजर लागू नये म्हणून टेबलाच्या खणात लिंबू ठेवणाऱ्या एका सहकाऱ्याची मी स्टाफरूममध्ये इतकी खिल्ली उडवली, की शेवटी बिचाऱ्यानं त्या लिंबाचं सरबत करून मलाच पाजलं. तेव्हा हे मी लिहितोय म्हटल्यावर माझे जुने विद्यार्थी हसतील. हसू देत.

८७-८८ च्या सुमाराची गोष्ट. माझी खालची डावी अक्कलदाढ हाडात आडवी झोपलेली. जळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून हात टेकले आणि धुळ्याच्या एका सर्जनकडे चिठ्ठी दिली. मेची सुट्टी होती, आणि धुळ्यात देवपूरला माझी थोरली बहीण अक्का आणि दाजी राहायचे. म्हणून मी तिच्याकडेच मुक्काम टाकला. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि अक्का चौदाची. मला तिनंच वाढवलं.

आमचं घर बौद्ध. आबांनी, म्हणजे वडिलांनी, घरातले अंगारे-धुपारे, नवस-सायास सगळं बंद केलेलं. पण अक्काची एक सवय त्यांनाही मोडता आली नाही. मी आजारी पडलो, परीक्षेला निघालो, काहीही असो... ती दोन्ही हात माझ्या तोंडावरून उतरवायची आणि स्वतःच्या कानशिलांवर टेकवून कडाकडा बोटं मोडायची. वर म्हणायची, "भाऊनी बठ्ठी पिडा माले येवो." म्हणजे भावाची सगळी पीडा मला येवो. मी मोठा झाल्यावर तिला हसायचो. तीही हसायची, पण बोटं मोडल्याशिवाय सोडायची नाही.

दाढ काढली. टाके पडले. डॉक्टरांनी बजावलं — आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, मिठाचं पाणी उद्यापासून. आता मीठ जंतू मारतं हे मी मुलांना शिकवायचो. मग उद्या कशाला? त्याच संध्याकाळी मी तीनदा जोरजोरात गुळण्या केल्या.

"डॉक्टरनी नई सांगेल शे ना, भाऊ!" अक्का म्हणाली.

"तुले काय समजस?" मी म्हणालो. असा शहाणा मी.

तिसऱ्या दिवशी जे दुखायला लागलं... कान, डोळा, मान, सगळी डावी बाजू पेटली. डॉक्टरांनी आत पाहिलं आणि मान हलवली. जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी गुळण्यांनी निघून गेली होती, खालचं हाड उघडं पडलं होतं. त्यांनी लवंगेच्या तेलातली पट्टी भरली, दर आठ तासांनी एक गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "मास्तर, आठवडाभर सोसावं लागेल."

मी एक वही केली. तीन रकाने — वेळ, गोळी, दुखणं दहापैकी किती. वहीत आठ, नऊ, नऊ, आठ असे आकडे पडत गेले. गोळी दोन तास काम करायची, उरलेले सहा तास मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचो. मोठा माणूस, पण उशी तोंडात धरून रडलो. खोटं कशाला सांगू?

पाचव्या दिवशी पुढची गोळी दुपारी चारला होती. पावणेचार वाजले. अक्का वाटीत भाताची पेज घेऊन आली, खाली बसली आणि तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवायला सुरुवात केली. माझं डोकं फिरलं. घ्यायचीच आहे ना पीडा, मग घे सगळी, अशा त्वेषानं मी ओरडलो, "लेस तं ले मंग! बठ्ठं ले!"

ती रागावली नाही. तिनं वाटी बाजूला सरकवली, डोळे मिटले आणि परत एकदा, अगदी सावकाश, माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत हात उतरवले. या वेळी तोंडानं काहीच बोलली नाही. कानशिलावर बोटं मोडली. दहाच्या दहा बोटं वाजली.

आणि माझं दुखणं बंद झालं. कमी नाही, बंद. लाईट गेल्यावर पंखा थांबतो तसं.

वहीत मी लिहिलं — ३.५०, गोळी नाही, शून्य. तिला म्हटलं, "बघ, लवंगेचं तेल शेवटी लागू पडलंच." ती भिंतीला धरून उठली. डावा हात डाव्या गालावर होता.

"काय व्हयनं?"

"काई नई. ऊन लागनं."

दुसऱ्या दिवशी मी घाम फुटेपर्यंत शेवभाजी खाल्ली. अक्का माझ्या आणि दाजींच्या बरोबर जेवायला बसली नव्हती, हे मला जळगावला पोचल्यावर आठवलं. तरी मी चौकशीचं एक कार्डसुद्धा टाकलं नाही.

दोन महिन्यांनी दाजींचं पत्र आलं. अक्का पदर जबड्याला बांधून बसते, घास चावत नाही. मी धावत गेलो आणि तिला त्याच सर्जनकडे नेलं. त्यांनी तोंड पाहिलं, एक्स-रे काढला. खाली डावीकडे अक्काला एकही दाढ नव्हती. त्या लग्नाआधीच काढून टाकलेल्या. हाड स्वच्छ होतं. डॉक्टर म्हणाले, नसेचं दुखणं आहे. गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तिला नुसती चक्कर यायची.

मी विचारायचो, "दहापैकी किती?" ती म्हणायची, "दोन." तिच्या मागे उभे असलेले दाजी मला दोन्ही हातांची सगळी बोटं दाखवायचे.

शेवटी एका दुपारी मी सगळी लाज सोडली. तिच्यासमोर बसलो, तिच्या तोंडावरून हात उतरवले आणि माझ्या कानशिलाकडे नेऊ लागलो. तिनं झटकन माझी मनगटं धरली. अंगात काही उरलं नव्हतं, पण पकड अशी की मला हात हलवता येईना.

"येडा शे का तू? भावाले पिडा परत देस का कोनी?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. त्या क्षणी मला जितकी भीती वाटली तितकी कशाचीच वाटलेली नाही.

ती दीड वर्ष जगली. भाकरी सुटली, मग भात, मग पेजही. अंग झिजत गेलं.

त्या दिवशी मी आठवीच्या वर्गावर होतो. फळ्यावर तरफेची आकृती काढत होतो, आणि डाव्या जबड्यात ते परत आलं. तेच, तिथेच, कान, डोळा, मान. खडू हातातून पडला. मी हेडमास्तरांना सांगितलं, माझी बहीण गेली, मला धुळ्याला जायचंय. त्यांनी विचारलं, तार आली का? तार आली नव्हती. मी एसटी पकडली.

देवपूरला पोचलो तेव्हा ओट्यावर माणसं जमलेली. दाजी मला बिलगले. अक्का साडेअकराच्या सुमारास गेली होती. माझा तो तास सव्वाअकराला सुरू व्हायचा. जाण्याआधी तिनं दाजींना जवळ बोलावून सांगितलं होतं, "भाऊले आते दुखी. त्याले सांगा, टाईमवर गोळी लेजो."

नंतर मी दोघा-तिघा डॉक्टरांना विचारलं. एकानं सांगितलं, शस्त्रक्रियेत तुमची नस दुखावली असेल, म्हणून दुखणं गेलं आणि परत आलं. दुसऱ्यानं सांगितलं, तुमच्या बहिणीला झालं तो वेगळाच आजार, वयानुसार होतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. मलाही हेच पटायला हवं. पण दहा मिनिटांपूर्वी जे रडवत होतं ते ३.५० ला कुठे गेलं, आणि मला दुखेल हे तिला कसं कळलं, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

ते दुखणं नंतर तीन दिवस राहिलं. दाजी चार-चारदा गोळी पुढे करायचे, "तिनी सांगेल शे, भाऊ." मी घेतली नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर तीन दिवसांच्या नोंदी आहेत. गोळीच्या रकान्यात सगळीकडे 'नाही' लिहिलंय. दुखण्याच्या रकान्यात सगळीकडे 'दोन'.